शिरूर-दौंडच्या पाण्यात शिल्लक कुठे आहे?

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बरोबर पाच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, ४० तालुक्यांची नवी यादी निघाली. दोन्ही याद्यांत शिरूर होते आणि दौंडही होते. यादी निघाली की पुढचे संवाद ठरलेले असतात. नवे धरण हवे, आहे त्याची उंची वाढवा, बोगदा काढा, टाटांच्या धरणांचे पाणी वळवा, नदीवर आणखी बंधारे बांधा. मागणी करणारे आमदार बदलतात, पक्ष बदलतात, मागणी तीच राहते: साठवण वाढली की दुष्काळ हटेल.

हे निदान वरवरचे आहे. या दोन तालुक्यांना साठवण नको असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण जो साठा दरवर्षी जूनच्या आत तळाला न्यायचा, अशीच सगळ्यांची समजूत आहे, तो दुप्पट केला तरी पाऊस दगा देईल त्या वर्षी तो रिकामाच सापडणार. चांगल्या वर्षाचे पाणी वाईट वर्षासाठी मागे ठेवण्याचा नियम आधी व्हायला हवा, आणि त्या नियमाला पेलेल अशीच साठवण मग बांधायला हवी. आज हा क्रम उलटा आहे.

१. धरणांनी वेढलेले दुष्काळी तालुके

नकाशा उघडला तर पहिला धक्का बसतो तो हाच. घोड नदीवर वर आंबेगाव तालुक्यात डिंभे धरण आहे, उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच नदीवर खाली, खुद्द शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड धरण आहे, सुमारे साडेपाच टीएमसीचे. भीमेवर खेड तालुक्यात चासकमान आहे, साडेसात टीएमसीच्या आसपास. त्याचा डावा कालवा खेड ओलांडून शिरूरमध्ये उतरतो. दौंडला पाणी येते ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या साखळीतून. साखळीचा उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी, आणि तिथून निघणारा नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड करत इंदापूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर जातो.

हा सगळा साठा या दोन तालुक्यांचाच आहे असे नाही. डिंभ्याच्या पाण्यावर कुकडी प्रकल्पातले पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा हक्क सांगतात. घोड धरण शिरूरच्या हद्दीत असले तरी त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी श्रीगोंदा-कर्जतकडे जाते. खडकवासल्यावर पहिला हात पुणे शहराचा. तरीही पन्नास टीएमसीहून अधिक पाणी ज्यांच्या उशाशी साठते, ते तालुके पाच वर्षांत दोनदा दुष्काळी ठरतात. दुष्काळ जाहीर करताना पाऊस, पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा असे अनेक निकष लावतात, केवळ धरणसाठा पाहत नाहीत, हे मान्य. पण मग धरणांनी नेमके काय राखले, हा प्रश्न आणखीच टोकदार होतो.

इतिहासही हेच सांगतो. दौंड आणि बारामतीचा हा मुलूख जुना भीमथडी तालुका. १८७५ च्या मे महिन्यात सावकारांविरुद्धचा दंगा याच तालुक्यातल्या सुप्यात पेटला आणि पाठोपाठ १८७६-७८ चा मोठा दुष्काळ आला. त्याच दशकात खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि त्याचा जुना उजवा कालवा पाटसच्या दिशेने निघाला. नाथाचीवाडीजवळचा माटोबा तलाव आणि वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव ही इंग्रजी अमदानीतलीच कामे. दुष्काळावर उतारा म्हणून साठवण बांधण्याचा प्रयोग इथे दीडशे वर्षे चालू आहे. प्रयोगाचा निकाल पाहण्याइतका हा काळ पुरेसा आहे.

२. दुष्काळाचे वर्ष हिशेबातच नसते

महाराष्ट्रात पाटबंधारे प्रकल्प आखताना साधारणपणे ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा धरतात. सोप्या भाषेत, शंभरातल्या पंचाहत्तर वर्षांत निदान इतके पाणी येईल असा जो आकडा, त्यावर धरणाचे नियोजन आणि लाभक्षेत्र ठरते. उरलेल्या पंचवीस वर्षांत तेवढे पाणी येणार नाही, हे नियोजनात गृहीतच आहे. दर चार वर्षांतले एक वर्ष तुटीचे जाणार, हे कागदावर लिहून ठेवून मग धरण बांधले जाते.

यात अभियंत्यांची चूक नाही. सर्वांत वाईट वर्षालाही पुरेल अशा बेताने आखायचे तर लाभक्षेत्र इतके छोटे होईल की प्रकल्पाला मंजुरीच मिळणार नाही. पण या हिशेबाची दुसरी बाजू लाभक्षेत्रात कधीच पोहोचली नाही. शेतकऱ्याला सांगितले गेले, ‘तुमची जमीन ओलिताखाली आली.’ ती चारपैकी तीन वर्षेच ओलिताखाली आहे आणि चौथ्या वर्षाची सोय तुमची तुम्ही करायची आहे, हे कोणत्याही भूमिपूजनाच्या भाषणात आले नाही. मग शेतकऱ्याने चारही वर्षे पाणी लागणारे पीक लावले तर त्याचे काय चुकले?

२०१९ ते २०२२ अशी सलग चार वर्षे खडकवासला साखळी भरली, नदीत पाणी सोडावे लागले, उजनी भरले. २०२३ चा पाऊस रुसला आणि एका हंगामात सगळे संपले. जून २०२४ मध्ये उजनी धरण उणे साठ टक्क्यांजवळ गेले, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातलेही निम्म्याच्या आसपास पाणी उपसले गेले. चार भरल्या वर्षांतून पाचव्यासाठी काही उरले नाही, कारण उरवायचे असते हेच कोणाच्या कामाच्या यादीत नाही.

३. पाणी आले की लागवड त्याच्या पुढे पळते

जलशास्त्रज्ञ जुलियानो दी बाल्दासारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जगभरातली उदाहरणे तपासून एक इशारा दिला. जलाशय बांधला की टंचाई काही काळ कमी होते. त्या भरवशावर मागणी वाढते. मागणी साठ्याला गाठते. पुढे पाऊस हुकला की फटका पूर्वीपेक्षा मोठा बसतो, कारण दरम्यान सगळे जण त्या पाण्यावर विसंबलेले असतात. हे वाचायला परदेशी नियतकालिकाची गरज नव्हती. पाटस ते यवत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाहिले तरी पुरे.

पाटसला भीमा सहकारी कारखाना, आलेगावला दौंड शुगर, पाटेठाणला श्रीनाथ म्हस्कोबा; शिरूरकडे न्हावऱ्याचा घोडगंगा आणि जातेगावचा व्यंकटेश कृपा. शिवाय केडगाव पट्ट्यातली गुऱ्हाळे, जी कारखाना अडला तरी ऊस घेतात. न्हावऱ्याचा कारखाना आर्थिक अडचणीत बंद पडला, म्हणून त्या भागातला ऊस कमी झाला असे घडले नाही. तो दुसऱ्या गव्हाणीत गेला. (शिरूरच्या उसात बिबट्या कायमचा राहायला आला, तो या कालव्यांचा असा लाभार्थी, ज्याला कुठल्याही प्रकल्प अहवालाने मोजले नव्हते.)

आता आकडा पाहू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी वीस ते पंचवीस हजार घनमीटर लागते असे धरले, तर एका टीएमसीत सुमारे अकराशे तीस ते चौदाशे हेक्टर ऊस निघतो. रब्बी ज्वारीला हेक्टरी तीन हजार घनमीटर पुरते. त्याच पाण्यात नऊ हजार हेक्टरांहून अधिक ज्वारी उभी राहते. कालव्यातली गळती यात धरलेलीच नाही. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने मागेच नोंदवले आहे की महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रातला ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो.

ऊसवाल्याला शिव्या देऊन मात्र काही साधत नाही. ऊस हे एकच पीक असे आहे ज्याला कायद्याने ठरलेला एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, आहे, तोडणी-वाहतूक कारखाना करतो, आणि गारपीट झाली तरी निम्मे तरी हाती लागते. याच शिरूरचा कांदेवाला डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदीने एका रात्रीत झोपला. तुटीच्या वर्षातही सगळ्यांत भरवशाचे पीक ऊसच ठरत असेल, तर शेतकरी तेच लावणार. त्याचा हिशेब बरोबर आहे. पाण्याचे नियम त्या हिशेबाला बांध घालत नाहीत, ही अडचण आहे.

बांध घालण्याचे प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. १९७९ मध्ये दांडेकर, देऊसकर आणि देशमुख यांच्या समितीने आठमाही पाण्याचा आग्रह धरला: खरीप आणि रब्बीला पाणी द्या, उन्हाळ्यात कालवे बंद ठेवा, म्हणजे थोड्या पाण्यात जास्त गावे भिजतील. धोरण कागदावर आले. शिवारात उन्हाळी आवर्तनाची मागणी दर मार्चला उभी राहिली आणि दर वर्षी ते सुटले. २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय झाला, त्याचीही गत फारशी वेगळी नाही. ठिबक बसलेच तरी वाचलेले पाणी धरणात राहत नाही. ते शेजारच्या नव्या सरीत जाते.

४. न भरणारे धरण आणि बोगद्याचे भांडण

क्षमता वाढवली की पाणी वाढते, हा समज कुकडी खोऱ्यात सगळ्यांत उघडा पडतो. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी माणिकडोहची उपयुक्त क्षमता दहा टीएमसीच्या घरात आहे, पण ते काठोकाठ भरलेले क्वचितच दिसते. पाणलोट तेवढा येवा देतच नाही. जागा आहे, पाणी नाही. म्हणून डिंभ्याचे पाणी बोगद्याने माणिकडोहात न्यायची योजना पुढे आली. त्यावर पारनेर-श्रीगोंदा-कर्जत एका बाजूला आणि आंबेगाव-शिरूर दुसऱ्या बाजूला. शिरूरची भीती खरी आहे: डिंभ्यातून घोड नदीत पाणी सुटते म्हणून खालचे बंधारे भरतात, बोगद्याचे तोंड खालच्या पातळीला ठेवले तर तो साठाच निसटेल. खालच्यांचे गाऱ्हाणेही खरे आहे, कारण टेलला पाणी पोहोचेपर्यंत कालव्यात फारसे उरत नाही.

भांडणात एक गोष्ट दोन्हीकडून सुटते. बोगदा पाणी हलवतो, निर्माण करत नाही. भीमा खोऱ्यात वर अडवलेला प्रत्येक थेंब खाली कोणाच्या तरी हिशेबातला असतो. घोड आणि मुळा-मुठा भीमेला मिळतात, भीमा उजनीत जाते. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, उपयुक्त साठा साडेत्रेपन्न. त्यावर इंदापूर, करमाळा, माढा, पंढरपूर, सोलापूर शहर. खेरीज कृष्णा पाणीवाटप लवाद आहेच. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिले, दुसऱ्या लवादाने ते ६६६ वर नेले. हा आकडा काँक्रीट ओतून वाढत नाही. पावसाळ्यात नदी दुथडी वाहताना ‘हे सगळे वाया चालले’ असे जे वाटते, ते नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाला वाटणारच. सोलापूरला ते वाया वाटत नाही.

टाटांच्या धरणांतून चाळीस टीएमसीहून अधिक पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला, कोकणात उतरते. ते भीमा खोऱ्यात परत वळवण्याची मागणी न्याय्य वाटते आणि तिच्यावर वाटाघाटी व्हायलाच हव्यात. पण उद्या ते आले आणि आजच्याच नियमाने वाटले गेले, तर पाच-सात वर्षांत त्यावरही ऊस उभा असेल आणि पुढच्या यादीत पुन्हा तीच नावे असतील.

५. राखीव साठ्याचा नियम

मग नियम कसा असावा? पेरणीचे बियाणे घरात कितीही ओढ असली तरी कणगीत वेगळे राहते. तसा साठ्याचा एक हिस्सा वेगळा राहायला हवा. हे कल्पनेतले नाही. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यात मोठा दुष्काळ चालू असताना, २००६-०७ च्या सुमारास, उत्तर व्हिक्टोरियातल्या शेतकऱ्यांना आपल्या वाट्याचे न वापरलेले पाणी पुढच्या वर्षासाठी धरणातच ठेवण्याची मुभा मिळाली. बाष्पीभवनापोटी पाच टक्के कापले जातात, बाकी पाणी त्याच शेतकऱ्याच्या नावावर राहते. मागे ठेवलेले पाणी दुसऱ्याने पळवायचे नाही, एवढी एक हमी मिळताच माणसे पाणी मागे ठेवू लागतात.

आपल्याकडे याची अर्धी चौकट तयार आहे. १५ ऑक्टोबरला धरणसाठ्याचा आढावा होतो, कालवा सल्लागार समिती बसते, पिण्यासाठी पाणी आधी बाजूला काढले जाते आणि उरलेल्याची आवर्तने ठरतात. २००५ च्या दोन कायद्यांनी राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले आणि पाणी वापर संस्थांना घनमापाने कोटा देण्याची तरतूद झाली. या चौकटीत एकच ओळ वाढवायची आहे: धरण ठरावीक पातळीच्या वर भरले त्या वर्षी साठ्याचा अमुक हिस्सा पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंत हात न लावता राहील, आणि तो सुटला तर फक्त लाभक्षेत्रातल्या फळबागा, चारा व एका रब्बी पाळीसाठी सुटेल. हिस्सा किती, हे प्रत्येक धरणाच्या येव्याच्या जुन्या नोंदींवरून ठरवता येते. त्या नोंदी जलसंपदा खात्याकडे दशकानुदशके आहेत.

कुठे ठेवायचे, हेही महत्त्वाचे. पठारावरच्या पसरट जलाशयातून वर्षाला दीड-दोन मीटर जाडीचे पाणी उडून जाते. घोड धरणासारख्या उथळ, गाळ साचलेल्या तलावात राखीव साठा ठेवणे म्हणजे सूर्याला पाजणे. तोच साठा डिंभे किंवा पानशेतसारख्या सह्याद्रीतल्या खोल, कमी पृष्ठभागाच्या धरणात ठेवला तर उडून जाणारे पाणी बरेच कमी. म्हणजे राखीव साठ्याची जागा वरच्या तालुक्यात आणि हक्क खालच्या तालुक्यात, असे होणार. इथेच राजकारण सुरू होते. पण वरच्या आणि खालच्या तालुक्यांचे भांडण आजही आहेच. निदान मोजलेल्या पाण्यावरून भांडण झालेले बरे.

६. ढापे, गळती आणि न दिसणारी कामे

नव्या धरणाच्या मागणीत जुन्या बंधाऱ्याचे नाव येत नाही. घोड, भीमा, कुकडी, वेळ या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या रांगा आहेत आणि शिरूर-दौंडच्या नदीकाठचे बागायत कालव्याइतकेच त्यांच्यावर चालते. बंधाऱ्याचे काम अगदी साधे. खांबांच्या खाचांत एकावर एक ढापे, म्हणजे लोखंडी फळ्या, बसवायचे, फटी बुजवायच्या, पावसाळा ओसरताना नदीचे शेवटचे पाणी अडवायचे आणि पुढच्या पुराआधी ढापे काढून काठावर रचून ठेवायचे. सगळी मेख ढापे कधी पडतात यात आहे. ऑक्टोबरात ठेकेदाराची निविदा अडली, ढापे महिनाभर उशिरा पडले, की नदीचा येवा निघून गेलेला असतो आणि बंधारा भरायला धरणातून पाणी मागावे लागते. लोखंडी ढाप्यांची चोरी ही या भागातली नेहमीची बातमी. खालचे रबर झिजलेले असते, मग प्लास्टिकचे कागद आणि माती कोंबून गळती थांबवायची. चार दिवसांत कागद फाटतो आणि खालच्या गावाला फुकट पाणी मिळते.

बंधाऱ्याला नवे ढापे आणि रबर देण्याला फीत कापता येत नाही. कालव्याच्या अस्तरीकरणालाही नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाच्या परिसरात मुठा उजवा कालवा फुटला आणि झोपडपट्ट्यांत पाणी शिरले, तेव्हा कालव्याचे वय शहराला पहिल्यांदा कळले. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत दौंड दुष्काळी जाहीर झाले! खडकवासला ते फुरसुंगी सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा करून शहरातली गळती, चोरी आणि बाष्पीभवन टाळायचे, त्यातून दोन टीएमसीहून अधिक पाणी वाचेल, असा प्रस्ताव आता पुढे सरकला आहे. कुठलेही नवे गाव न बुडवता मिळणारी ही साठवण आहे. तिचे स्वागत व्हायला हवे, आणि वाचलेले पाणी कोणाच्या नावावर जमा होणार हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यायला हवे.

७. कालवा जिथे चढत नाही

शिरूरच्या पश्चिम-उत्तर भागात पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई, धामारी ही गावे कोणत्याच कालव्याच्या पातळीत येत नाहीत. इथला दुष्काळ नदीकाठच्या दुष्काळापेक्षा वेगळा. नदीकाठी उसाला पाणी कमी पडते. इथे उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो. या गावांची उपशाची मागणी जुनी आहे आणि न्याय पाहिला तर पहिला क्रम त्यांचाच लागतो. उपसा योजना चालवणे महाग असते हे पुरंदर आणि जनाई-शिरसाईने दाखवले आहे. विजेच्या बिलातले ८१ टक्के सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचे ठरले, तेव्हा कुठे पंप नीट फिरू लागले. इतक्या महागड्या पाण्यावर ऊस नको, ही अट इथे तरी पहिल्या दिवसापासून घालता येईल.

दुसरा साठा पायाखाली आहे, पण तोही अमर्याद नाही. दख्खनचा काळा पाषाण पाणी धरतो तो मुरमात आणि फटींत. खडकाच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के इतकेच. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने गावातल्या मुलांना जमिनीचा विद्युतरोध मोजून पाणी शोधायला शिकवले. पाणी कुठे आहे हे शोधता येते. किती उपसायचे हे ठरवायला मात्र गावाला एकत्र बसावे लागते.

ते न ठरवता केलेल्या साठवणीचे काय होते, हे जलयुक्त शिवारने दाखवले. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या अभियानावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च झाले, आणि २०२० मध्ये महालेखापालांनी भूजल पातळीवर फारसा परिणाम झाला नसल्याचा शेरा मारला. शेततळ्यांचे तर त्याहून विचित्र झाले. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्यासाठी दिलेल्या तळ्यांत प्लास्टिक अंथरून त्यात विहिरी-बोअरचे पाणी भरले जाऊ लागले. सगळ्यांचे भूजल एकाच्या तळ्यात आले आणि वर उघड्यावर उडू लागले. सरकारी दफ्तरात याची नोंद ‘साठवण क्षमता वाढली’ अशीच होते.

फार लांब न जाता हिवरे बाजार पाहा. तिथे ग्रामसभा पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पुढची पिके ठरतात. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीवर न देता माणशी वाटले, भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस बाहेर ठेवला. नायगाव दौंडपासून दूर नाही. दौंडने ते उचलले नाही, कारण दौंडला कालवा होता.

८. पुण्याचे सांडपाणी हाच बारमाही साठा

राहू बेटात, भीमा आणि मुळा-मुठेच्या मधल्या पट्ट्यात, दुष्काळातही नदी आटत नाही. ती वाहते पुण्याच्या गटारांवर. शहराला पुरवलेल्या पाण्यातले साधारण ऐंशी टक्के सांडपाणी म्हणून परत येते असे धरतात. पुण्याचा करारातला कोटा साडेअकरा टीएमसी असताना वापर अठराच्या पुढे गेला, यावरून दरवर्षी वाद होतो. त्यातून परत येणारे पाणी चासकमानच्या साठ्याच्या दुपटीजवळ जाते, आणि पाऊस हुकला तरी ते येतेच. पश्चिम महाराष्ट्रात इतका खात्रीचा येवा दुसऱ्या कुठल्या धरणाला नाही.

त्याचा दर्जा मात्र नदीकाठचा शेतकरी नाकाने ओळखतो. जलपर्णीने पंप अडतात, विहिरींचे पाणी पिववत नाही. शुद्धीकरण करून साडेसहा टीएमसी पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात, म्हणजे जुन्या मुठा उजव्या कालव्यात, सोडायचे, हे ठरून बरीच वर्षे झाली. जपानच्या जायकाच्या मदतीने ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ शुद्धीकरण केंद्रे मंजूर झाली २०१६ च्या सुरुवातीला. काम रेंगाळत राहिले. दौंडच्या आमदाराने नव्या धरणासाठी जेवढा जोर लावला, तेवढा पुण्याच्या मैलापाणी केंद्रांसाठी लावला असता, तर तालुक्याला एक धरण कधीच मिळाले असते.

९. आक्षेप

पहिला आक्षेप साधा आहे आणि त्यात तथ्य आहे: मागे ठेवलेले पाणी पुढच्या वर्षी धरण भरले की सांडव्यावरून जाईल, मग ठेवून काय मिळाले? चांगल्या वर्षानंतर चांगले वर्ष आले तर काहीच मिळणार नाही. काही हेक्टर ऊस तेवढा गमावला जाईल, पाणी उजनीत जाईल. २०२३ सारखे वर्ष आले तर फळबागा वाचतील आणि जनावरे छावणीत जाणार नाहीत. डाळिंबाची बाग उभी करायला तीन-चार वर्षे जातात. एका उन्हाळ्यात ती जळाली तर तिची भरपाई एका वर्षाच्या उसाने होत नाही.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. डोळ्यांसमोर पीक वाळत असताना धरणातले पाणी न सोडण्याची हिंमत कोणता मंत्री करेल? कोणताच नाही. म्हणूनच हा निर्णय मार्चमध्ये मंत्र्याकडे जाता कामा नये. तो आधीच कोट्यात लिहिलेला असला पाहिजे. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पात, ओझरपासून सुरुवात करून, शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांनी कालव्याचे पाणी मोजून घेणे, ओढ्यावरचे बंधारे भरून विहिरी जिवंत ठेवणे आणि टेलपर्यंत पाणी नेणे हे स्वतः करून दाखवले. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ते काम नव्वदच्या दशकात सुरू केले तेव्हा तिथेही ‘शेतकरी कसला मोजून पाणी घेतोय’ असेच ऐकू येत होते. घनमापाने पाणी मिळाल्यावर कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्यावर सोपवता येते; ज्याला आपल्या कोट्यात ऊस परवडतो त्याने तो खुशाल लावावा.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड आहे आणि तो दौंडमध्ये कोणीही बोलून दाखवेल: शेतकऱ्याने पाणी मागे ठेवले तर ते पुणे घेऊन जाईल. भामा आसखेडचा दाखला समोर आहे. खेड तालुक्यातले साडेसात टीएमसीहून अधिक उपयुक्त साठ्याचे हे धरण सिंचनासाठी बांधले गेले, खेड, हवेली आणि दौंडच्या शेतीला पाणी देण्यासाठी. कालवे पुरे झाले नाहीत. २०२१ च्या जानेवारीत पुण्याच्या पूर्व भागाला त्यातून पिण्याचे पाणी सुरू झाले. पिण्याचे पाणी आधी, या तत्त्वाला कोणाचा विरोध नाही. पण धरणात दिसणारे, कोणाच्या नावावर नसलेले पाणी शहराकडे सरकते, आणि ते एकदा सरकले की परत येत नाही, हे शेतकऱ्याने पाहिले आहे. अशा अनुभवानंतर शेवटच्या थेंबापर्यंत आवर्तन मागणे हेच त्याला शहाणपणाचे वाटते.

त्यामुळे राखीव साठा ही मागणी शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याने करायची असेल तर त्याआधी दोन कागद त्याच्या हातात पडले पाहिजेत. एक, चासकमान, घोड, डिंभे आणि मुठा कालव्यावरच्या प्रत्येक पाणी वापर संस्थेचा घनमापातला कोटा, प्राधिकरणाच्या शिक्क्यासह आणि मागे ठेवलेल्या पाण्यावरच्या हक्कासह. दोन, पुणे महापालिकेचा कोटा, त्याहून जास्त उचललेल्या प्रत्येक टीएमसीमागे किती शुद्ध केलेले पाणी बेबी कालव्यात परत सोडायचे या अटीसह. नव्या धरणांच्या आणि बोगद्यांच्या निविदा त्यानंतर निघाल्या तरी चालतील.